फ्रिजचा खर्ज

अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९५२ साली अशी एक रचना केली की वादक ४ मिनिटं ३३ सेकंद पियानोसमोर बसतो आणि काहीही वाजवत नाही. तेवढ्या वेळात जे खोकणं, खुर्च्यांची करकर, बाहेरचा वारा कानावर पडेल, तेच संगीत. हे वाचलं आणि वाटलं, काहीही न वाजवणं आपल्यालाही जमेल. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरने १९४८ मध्ये आगगाड्यांच्या आवाजातून रचना बांधली होती. माझ्याकडे आगगाडी नव्हती. फ्रिज होता.

फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तर फ्रिज गायब! मागची घरघर नकोशी समजून फोन ती परस्पर पुसून टाकतो म्हणे. मला नेमकी तीच हवी होती. मग पिएझोची चकती आणून फ्रिजच्या पाठीला चिकटपट्टीने डकवली. ही हवेतला आवाज टिपत नाही, पत्र्याची थरथर टिपते.

“शू! कुणी आवाज करू नका, मला आवाज टेप करायचाय.”

“कुठला?” हिने विचारलं.

“ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो.”

हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी रात्री दोन वाजता, सगळे झोपल्यावर, हेडफोन चढवून फ्रिजच्या मागे फतकल मारली. त्याच क्षणी खट्ट! आत पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला सुट्टी देतो. कलावंताचा मूड लागावा म्हणून मी दार उघडून ताटकळत बसलो. बऱ्याच वेळाने तो गदागदा हलला आणि खर्ज लागला. ५० हर्ट्‌झच्या विजेवरची मोटर बहुधा दुपटीने, १०० हर्ट्‌झवर गुणगुणते; हे ठाऊक असूनही अंगावर काटा आला. नळ्यांतून बुडबुड, दारातल्या बाटल्यांची किणकिण, आणि अधूनमधून पाठीमागे एक चुकार टकटक. फ्रिजच्या पाठीला डोकं टेकून मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

सकाळी घरच्यांना रचना ऐकवली. मुलगा दुसऱ्या मिनिटाला उठून गेला. ही मात्र कान देऊन ऐकत होती. मी सुखावलो.

“ही टकटक बरी नाही,” ती म्हणाली आणि तिने मेकॅनिकला फोन लावला.

त्याच्यासारखा श्रोता मला पुन्हा मिळायचा नाही. हेडफोन लावून, डोळे मिटून त्याने सगळी रचना ऐकली, टकटक आली की मान डोलावली आणि सांगितलं, “कॉम्प्रेसरखालचं रबर गेलंय.” वीस मिनिटांत त्याने ते बदललंही. माझं वाद्य मुकं झालं.

हत्यारं आवरता आवरता तो थबकला. “पण साहेब, तिसऱ्या मिनिटापासून खालच्या पट्टीत जे घरघरतंय, ते या मशिनचं नाही.”

तोच तर माझा आवडता भाग होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात ही म्हणाली, “ते राहू दे. त्याला रबर मिळत नाही.”