गोडसर वासाचे अभिनंदन करणाऱ्यांसाठी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, भिशीच्या गटात गेल्या वैशाखात एक संदेश आला: ‘यजमानांच्या अंगाला वेगळाच वास येतो? अभिनंदन, साखर बाहेर पडते आहे!’ पुढे तोच संदेश आमच्या शाळेतील शिक्षकांच्या गटात, सोसायटीच्या गटात आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून व्यक्तिशः, असा तीनदा माझ्यापर्यंत पोहोचला. म्हणून हे लिहिणे भाग आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: मधुमेह्याच्या अंगाचा गोडसर वास म्हणजे घामावाटे निघणारी साखर, उग्र वास म्हणजे गोळ्या आणि इन्सुलिन यांचा अंगात साठलेला विषार, तेव्हा एकवीस दिवस औषधे थांबवून मेथी-कारल्याचे पाणी प्यावे, अशा नवऱ्याजवळ निजल्याने बायकोलाही साखर ‘लागते’ म्हणून अंथरूण वेगळे घालावे, काखेत तुरटी फिरवावी, आणि वास गेला की मधुमेह गेला असे समजावे, तपासणीची गरज नाही, कारण ‘हे सर्व आयुर्वेदात लिहिले आहे’.

पहिला दावा खोडायला वैद्यकशास्त्र लागत नाही, स्वयंपाकघरातला साखरेचा डबा पुरतो. डबा उघडून नाक लावून पाहावे. साखर हवेत उडणारा पदार्थ नाही, त्यामुळे तिला वास नाही, आणि रक्तातील ग्लुकोजचीही तीच गोष्ट आहे. घामात थोडे ग्लुकोज उतरते हे खरे, पण ते रक्तातील प्रमाणाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. साखर खरोखर बाहेर पडते ती लघवीतून, कारण रक्तातील पातळी दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही आणि टाकी भरून वाहू लागते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आमच्या सोलापुरात टाकी वाहू देणाऱ्याचे कोणी अभिनंदन करीत नाही.

मग तो पिकल्या केळ्यासारखा वास कशाचा? ॲसिटोनचा. नखांचा रंग पुसण्याच्या द्रवात असतो तोच पदार्थ. इन्सुलिन अपुरे पडले की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते, यकृत त्या चरबीपासून कीटोन तयार करते, आणि त्यांपैकी ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडते. निर्जळी एकादशी करणाऱ्या निरोगी माणसाच्या तोंडालाही असा पुसट वास येऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्या शरीरातील इन्सुलिन कीटोनांना लगाम घालते. ज्याचा मधुमेह मोकाट सुटला आहे त्याच्याकडे तो लगाम नसतो, आणि कीटोन साठत जाऊन रक्त आम्लधर्मी होते.

आता दुसरा दावा, ज्यासाठी संदेश लिहिणाऱ्याला मी कधीही क्षमा करणार नाही. माझे दाजी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. मधुमेह बारा वर्षांचा, दोन वर्षांपासून इन्सुलिन चालू, आणि पथ्याशी त्यांचे कधीच जमले नाही. अक्काला त्यांच्या श्वासाला गोडसर वास आला आणि त्याच आठवड्यात हा संदेश आला. तिने सोमवारपासून इन्सुलिन बंद करून मेथीचे पाणी सुरू केले. वास वाढला, तेव्हा विषार निघतो आहे म्हणून तिला समाधानच वाटले. शुक्रवारी मी गेलो, तर उंबऱ्यातच मला आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. मी रसायनशास्त्र शिकवतो; ॲसिटोनची बाटली उघडली की जो दर्प येतो, तो त्या खोलीत होता. दाजी सकाळपासून उलट्या करीत होते आणि निजल्या जागी, धावून आलेल्या माणसासारखा खोल श्वास घेत होते. त्यानंतरचे तीन दिवस अतिदक्षता विभागाच्या बाहेर गेले.

यावर ‘ही तुमच्या घरची गोष्ट झाली’ असे कोणी म्हणेल. म्हणून अमेरिका आणि युरोपातील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याच्या या अवस्थेला, म्हणजे कीटोॲसिडोसिसला, निमंत्रण देणाऱ्या प्रमुख कारणांत जंतुसंसर्गाबरोबर ‘इन्सुलिन चुकवणे किंवा बंद करणे’ हे कारण त्यात स्पष्ट दिले आहे, आणि उपचार म्हणून शिरेवाटे द्रव, पोटॅशियम आणि तेच इन्सुलिन सांगितले आहे. ज्याला संदेश विष म्हणतो, त्याच्याच अभावाने हा वास सुटतो आणि तेच दिल्यावर तो जातो. यापेक्षा उलटा सल्ला रचणे अवघड आहे. शिवाय मेथीत सोटोलोन नावाचे सुगंधी द्रव्य असते, आणि मेथी भरपूर खाणाऱ्याच्या घामाला व लघवीला गोडसर वास येतो. म्हणजे ‘शुद्धीच्या वासात’ भर घालण्याची सोय उपायातच करून ठेवली आहे!

बायकोला साखर ‘लागते’ या दाव्यावर फार शब्द खर्च करीत नाही. मधुमेह संसर्गजन्य नाही. नवरा-बायको दोघांनाही तो झालेला दिसतो, कारण ताट एक, चहातली साखर एक आणि बसून राहण्याच्या सवयीही एक. वेगळे अंथरूण घालण्याचा सल्ला मात्र घातक आहे, कारण श्वासातील बदल रात्री पहिल्यांदा कळतो तो शेजारी निजणाऱ्यालाच.

तुरटीचे म्हणणे खरे आहे. काखेतील जिवाणू तिने कमी होतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात मधुमेह नसलेल्यांनीही ती लावायला हरकत नाही. पण प्रत्येक वास काखेतून येत नाही. जांघेतील किंवा त्वचेच्या घड्यांतील बुरशी, हिरड्यांतील पू, तळपायाची संवेदना गेल्यामुळे न दुखता चिघळत गेलेली जखम, मूत्रपिंडे निकामी होताना श्वासाला येणारा अमोनियासारखा दर्प, हे सर्व दुर्लक्षित मधुमेहाचेच वास आहेत, आणि त्यांतल्या एकावरही तुरटीचा खडा फिरवून भागत नाही.

आयुर्वेदाचा हवाला पूर्ण खोटा नाही, हे नाइलाजाने सांगावे लागते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, प्रमेहाच्या सहाव्या अध्यायात, ‘स्वेद’ आणि ‘अंगगंध’ ही लक्षणे खरोखर आली आहेत. पण ती ‘पूर्वरूपे’ म्हणून, म्हणजे रोगाच्या आगमनाची चिन्हे म्हणून. संदेशकर्त्याने चरकांचे नाव घेऊन ती रोगाच्या प्रस्थानाची चिन्हे केली.

राहिला शेवटचा दावा, वास गेला की मधुमेह गेला. वरच्याच अहवालानुसार, आधीपासून मधुमेह असलेल्या माणसाची साखर २०० च्या खाली असली तरी कीटोॲसिडोसिस असू शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत असे घडल्याची नोंद आहे. साखर मोजणाऱ्या यंत्राच्या एका आकड्यावरही जिथे विसंबता येत नाही, आणि कीटोनांची वेगळी तपासणी करावी लागते, तिथे नाकाचे काय! ॲसिटोनचा वास काहींना मुळातच नीट येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांचे नाकही सवयीने तो विसरते. त्या शुक्रवारी मी उंबऱ्यातच थबकलो, तेव्हा अक्का मला म्हणाली, “कालपासून वास बराच कमी झालाय रे.”