डिस्टोनियावरचा तो फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सध्या पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, मान वाकडी होणे, हातपाय वळणे यावर. ज्यांनी वाचला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. मेसेजचं म्हणणं असं: डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळून मान, हातपाय वळण्याचा आजार) वगैरे काही नसतं, टेन्शन घेणाऱ्यांना असं होतं, झोपेत थांबतं म्हणजे मनाचंच आहे. एमआरआय नॉर्मल आला की समजायचं काही झालेलं नाही. मणका सरकलेला असतो, तो एका झटक्यात बसवून मिळतो. आणि खरंच आनुवंशिक निघालं तर घरात सगळ्यांना होणार, त्याला औषध नाही, अशा घरात सोयरीक करू नका. शेवटी मुलांच्या लिहिण्याबद्दल एक सल्ला आहे, त्यावर नंतर येते.

माझ्या धाकट्या भावाला डिस्टोनिया आहे. लहानपणी उजव्या पायापासून सुरू झाला, नंतर हात, आता मान पण. हा मेसेज आमच्या सख्ख्या नात्यातल्या ग्रुपवर आला आणि खाली तीन काकांनी हात जोडलेले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"टेन्शनमुळे होतं, झोपेत थांबतं म्हणजे मनाचंच"

आपण कोपर वाकवतो तेव्हा एक स्नायू आवळतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडतो, हे मेंदू आपल्याला न विचारता करत असतो. डिस्टोनियात हाच ताळमेळ बिघडतो, दोन्ही बाजूचे स्नायू एकदम आवळतात, शेजारचे ज्यांचा काही संबंध नाही ते पण ओढले जातात, आणि मग मान, पाऊल, मनगट, पापण्या, कधी स्वरयंत्रसुद्धा स्वतःच्याच मर्जीने वळत आणि आवळत राहतं. गडबड असते ती बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतला हालचाली सांभाळणारा भाग), लहान मेंदू आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या जाळ्यात. झोपेत बहुतेकांचं हे थांबतं किंवा खूप कमी होतं, थकवा आणि ताण आला की वाढतं. पार्किन्सनचा कंप पण झोपेत थांबतो आणि चारचौघांत वाढतो, त्याला कोणी मनाचा खेळ म्हणत नाही.

माझ्या भावाचं सांगते. पुढे चालताना पाऊल आत वळायचं, टाच उचललेली राहायची, चपलेची बाहेरची कड घासून तिरपी व्हायची, आई दर थोड्या दिवसांनी नवी चप्पल आणायची. पण त्याला उलटं चालायला सांगितलं की पाय सरळ पडायचा! शाळेत एका सरांनी हे बघितलं आणि वर्गासमोर सांगितलं की नाटक करतोय, बघा, हवं तेव्हा नीट चालता येतं. त्या वयाच्या मुलाला हे किती लागलं असेल ते मी घरी बघत होते. पुढे न्यूरोलॉजिस्टनी त्याला कॉरिडॉरमध्ये आधी सरळ आणि मग उलटं चालायला लावलं आणि तिथेच म्हणाल्या की हे डिस्टोनियासारखं दिसतंय. म्हणजे ज्या गोष्टीवरून सरांनी त्याला खोटा ठरवलं त्याच गोष्टीवरून डॉक्टरांनी आजार ओळखला. ठरावीक कामातच होणं, दुसऱ्या कामात न होणं, ही या आजाराची ओळखच आहे. कोणाचा हात फक्त लिहिताना वळतो, त्याच हाताने भाजी चिरता येते, बटणं लावता येतात. वादकांची बोटं फक्त वाद्यावर आखडतात. लिऑन फ्लायशर हा अमेरिकेतला मोठा पियानोवादक, १९६४च्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताची बोटं वळायला लागली आणि पुढची कितीतरी वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला.

आता भावाची मान उजवीकडे जाते. कात्रजच्या बसमध्ये उभा असला की तो हनुवटीला दोन बोटं नुसती टेकवून ठेवतो, दाबत नाही, नुसती टेकवतो, आणि मान सरळ राहते. बोटं काढली की परत वळते. याला सेन्सरी ट्रिक म्हणतात, मानेच्या डिस्टोनियात खूप जणांना अशी आपापली जागा सापडते, कोणाला गाल, कोणाला डोक्याची मागची बाजू. बसमधल्या लोकांना वाटतं हा कसला तरी विचार करत उभा आहे.

हा मनाचा आजार हा गैरसमज जुना आहे, डॉक्टरांमध्ये सुद्धा होता. बर्लिनच्या हर्मन ओपनहाइम यांनी १९११ साली या आजाराला नाव दिलं आणि तो शरीराचाच आहे असं मांडलं, तरी नंतर कित्येक दशकं रुग्णांना मानसोपचारावर ठेवलं गेलं. १९७०च्या दशकात लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी रुग्ण बारकाईने बघून हे मेंदूच्या हालचाल-यंत्रणेचं दुखणं आहे हे लावून धरलं तेव्हा कुठे वारं फिरलं. आणि हो, फंक्शनल नावाचा एक वेगळा प्रकार असतो, त्यात मेंदूची रचना ठीक पण कामकाज बिघडलेलं असतं, तो पण खरा त्रास आहे, त्यातला माणूस पण नाटक करत नसतो, आणि तो कोणता हे ठरवायचं काम न्यूरोलॉजिस्टचं आहे.

"एमआरआय नॉर्मल म्हणजे काही नाही"

आनुवंशिक डिस्टोनियाच्या बऱ्याच प्रकारांत एमआरआय नॉर्मलच येतो. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, बिघाड असतो त्याच्या कामकाजात. तबल्याचा फोटो काढून तो सुरात लागलाय का हे कळत नाही, तसंच. डॉक्टर एमआरआय करून घेतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला, गाठ, जुना स्ट्रोक, जन्माच्या वेळची इजा वगैरे. निदान मुख्यतः बघून होतं. त्यामुळे फाइल जाड करण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा, लिहिताना, चालताना, जेवताना, आणि सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. दवाखान्यात नेमकं त्या दहा मिनिटांत काही होत नाही आणि घरचे ओशाळतात, हे आमच्याकडे पण झालंय, तेव्हा व्हिडिओच कामाला आला.

"मणका सरकलाय, एक झटका दिला की बसतो"

हे कृपया करू नका. मान उजवीकडे वळते तेव्हा सहसा डाव्या बाजूचा पुढचा मोठा स्नायू आणि उजव्या बाजूचे मागचे स्नायू खेचत असतात, मणका जागेवरच असतो. आणि मान कडकन मोडताना मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते, क्वचित होतं पण त्यातून स्ट्रोक येतो. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून देतात त्यालाही हेच लागू. फिजिओथेरपी वेगळी, ती जरूर करा, पण डिस्टोनिया माहीत असणाऱ्याकडे.

"आनुवंशिक म्हणजे घरात सगळ्यांना होणार, सोयरीक करू नका"

ह्याच्यावर मला जास्त बोलायचंय. एक तर मेसेज आधी म्हणतो मनाचं आहे आणि खाली म्हणतो रक्तातलं आहे, दोन्हीतलं एक तरी धरा. आणि मोठेपणी, चाळिशी-पन्नाशीत, फक्त मानेचा किंवा पापण्यांचा डिस्टोनिया सुरू होतो त्या बहुतेकांच्या बाबतीत ठरावीक एक जीन सापडतच नाही.

लहानपणी सुरू होणाऱ्यांत जो सगळ्यात प्रसिद्ध जीन आहे तो टॉर१ए, १९९७ साली सापडला. त्यात डीएनएची फक्त तीन अक्षरं गळालेली असतात. पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात हा जास्त दिसतो, पण इतरत्रही सापडतो, आमच्या घरात सापडला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. आता खरी गोष्ट ऐका, जीन आला म्हणजे आजार आला असं नाही. ज्यांच्याकडे हा जीन असतो त्यांच्यातल्या साधारण ३० टक्के लोकांनाच आजार होतो. म्हणजे हिशोब मांडला तर अशा आईवडिलांच्या दर शंभर मुलांमागे साधारण पंधरा जणांना आजार. ज्यांना होतो त्यांना बहुतेक पंचविशी-सव्विशीच्या आत होतो, त्यानंतर होण्याची शक्यता खूपच कमी. एकाच घरात एकाचे हातपाय वळलेले आणि दुसऱ्याला फक्त लिहिताना थोडा त्रास, एवढा फरकही असतो.

आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळे आईला बोल लावत होते. तिच्या माहेरचं काहीतरी असणार, गरोदरपणात ग्रहणात बाहेर पडली असेल, काय काय ऐकलं तिने. टेस्ट झाली तेव्हा जीन बाबांकडून आलेला निघाला. बाबांनी साठी ओलांडलीय, आयुष्यभर सायकल चालवली, त्यांना एक लक्षण नाही. आजोबा-पणजोबांना काही नव्हतं म्हणून "आमच्या घराण्यात असलं काही नाही" म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. रिपोर्ट हातात घेऊन आई काही बोलली नाही, तिने तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

मी टेस्ट केली नाही, तिशी उलटून गेलीय, लक्षणं नाहीत, मूल हवं असेल तेव्हा जेनेटिक काउन्सेलरकडे जाऊन दोघं मिळून ठरवू. लग्न ठरताना समोरच्या घरी सगळं सांगितलं. आधी एक स्थळ यावरून मोडलं, त्याचं वाईट वाटलं, पण लपवून केलेलं लग्न मला नकोच होतं. ज्या नवऱ्याशी झालं त्याने पहिला प्रश्न भावाच्या तब्येतीचा विचारला.

लग्नाच्या बाबतीत खरंच काही सांगायचं असेल तर नात्यातल्या लग्नांबद्दल सांगा. विल्सनसारखे आजार (शरीरात तांबं साठतं तो, खाली सांगते) आईवडील दोघांकडून सदोष जीन आला तरच होतात, आणि मामाच्या मुलीशी वगैरे लग्न केलं की दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता वाढते. ह्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

"आनुवंशिक आहे, औषध नाही, पैसे घालवू नका"

सगळ्यात धोकादायक वाक्य हे आहे, कारण ज्यांना औषध आहे त्यांचंच यात नुकसान होतं.

सेगावा आजार म्हणून एक आनुवंशिक डिस्टोनिया आहे, जपानचे डॉक्टर मासाया सेगावा यांनी १९७०च्या दशकात त्याचं वर्णन केलं. मुलींमध्ये जास्त. मूल सकाळी उठल्यावर बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वळून ओढत चालायला लागतं, झोप झाली की परत बरं. ह्यातल्या कित्येक मुलांना सेरेब्रल पाल्सीचा (लहानपणी मेंदूला इजा होऊन येणाऱ्या अपंगत्वाचा) शिक्का बसतो आणि वर्षं जातात. पार्किन्सनला देतात ती लेव्होडोपाची गोळी, छोट्या डोसमध्ये, आणि मूल काही दिवसांत किंवा आठवड्यांत चालायला लागतं, आणि तो फायदा पुढे टिकतो. म्हणून लहानपणी डिस्टोनिया सुरू झाला तर डॉक्टरांना विचारा की लेव्होडोपा देऊन बघितलं का. भावाला देऊन बघितली, त्याला फरक पडला नाही, त्याचा प्रकार वेगळा.

दुसरा विल्सन. शरीरात तांबं साठत जातं, यकृतात आणि मेंदूत, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसू शकतं. लवकर पकडला तर तांबं काढणारी औषधं आणि झिंक यांवर माणूस वर्षानुवर्षं नीट राहतो, पण ती आयुष्यभर घ्यावी लागतात. एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करा, लक्षणं नसली तरी.

शिवाय औषधांनी होणारा डिस्टोनिया. उलटीवर मेटोक्लोप्रमाइड दिल्यावर काही मुलांचे डोळे वर जातात, मान मागे खेचली जाते, घरचे घाबरून नारळ उतरवायला धावतात. हॉस्पिटलमध्ये न्या, साध्या इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतं, फक्त कोणतं औषध दिलं होतं ते सांगा.

आवळलेल्या स्नायूत देतात त्या बोटॉक्सच्या इंजेक्शनला मेसेजमध्ये विष म्हटलंय. मूळ द्रव्य विषारीच आहे, पण इथे अगदी मोजका डोस नेमक्या आवळलेल्या स्नायूत जातो आणि नसेकडून स्नायूला मिळणारा संदेश काही काळ अडवतो. परिणाम साधारण तीन महिने टिकतो, मग ओसरतो, म्हणून परत घ्यावं लागतं, सवय लागते म्हणून नाही. मानेत दिल्यावर काही दिवस गिळायला त्रास होऊ शकतो, पापणीत दिल्यावर पापणी खाली येऊ शकते. महाग आहे, हे मान्यच, आम्ही पण दर वेळी हिशोब करूनच जातो. ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळ्याही असतात, त्यांनी तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं. आणि खूप पसरलेला असेल तर मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची डीबीएस शस्त्रक्रिया, टॉर१ए असणाऱ्यांना तिचा चांगला उपयोग होतो. यातलं काहीच जीन बदलत नाही. पण भाऊ बोटॉक्सनंतर स्वतःच्या हाताने न सांडता चहा पितो, माझ्यासाठी ते औषधच आहे.

"लिहिताना हात वळणाऱ्या मुलांना लेखनिक देऊ नका, रोज दहा पानं शुद्धलेखन करून घ्या"

लिहितानाचा डिस्टोनिया सरावाने सुटत नाही. पेन घट्ट धरलं जातं, तर्जनी आपोआप ताठ होऊन पेनावरून उचलली जाते, मनगट आत वळतं, दहा पानं लिहायला लावलीत तर मूल रडेल आणि हात जास्त आखडेल.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी-यूपीएससी करणारी जी मुलं हे लपवून डाव्या हाताने लिहायला शिकतायत त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रायटर्स क्रॅम्प (हाच लिहितानाचा डिस्टोनिया) असलेल्या एका यूपीएससी उमेदवाराच्या केसमध्ये निकाल दिला की अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात लिहायला अडचण आहे असं स्पष्ट नमूद हवं, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून परीक्षेची तारीख लागायची वाट न बघता आत्ताच न्यूरोलॉजिस्टकडून लेखी निदान घेऊन ठेवा.