खिडकी उघडली म्हणून धूर बाहेर जात नाही

"खिडकी उघडा, पंखा लावा, मूल आतल्या खोलीत ठेवा आणि खुशाल सिगारेट ओढा. आमच्या वडिलांनी जन्मभर ओढली, आम्ही ठणठणीत आहोत." अशा आशयाचा मजकूर घरच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो, खाली अंगठ्यांची रांग. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी खिडकी. हवा खिडकीतून बाहेरच जाते, हे कुणी ठरवलं? स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल तर तो घरातली हवा बाहेर फेकतो, आणि तिची जागा भरायला खिडकीतून हवा आत येते. तिथे उभं राहून ओढणाऱ्याच्या धुरासकट. छताचा पंखा तर तो धूर घरभर वाटून टाकतो. वेगळी खोली, खेळती हवा, एअर क्लीनर यांपैकी कशानेही इतरांच्या फुप्फुसांत जाणारा धूर पुरता थांबत नाही आणि धुराचं निर्धोक असं प्रमाणच नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य-अधिकाऱ्यांनी, 2006 च्या अहवालातच सांगितलंय.

"मी धूर बाहेर तोंड करून सोडतो," असंही कुणीतरी म्हणतंच. पण खोलीत साठणारा बहुतेक धूर तोंडातून आलेलाच नसतो. दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट बोटांत नुसती धुमसत असते, तेव्हा टोकापासून जी निळसर रेघ वर चढते, तो हा धूर. झुरका घेताना निखारा फुलतो, तापतो. एरवी तो मंद असतो, जळणं अर्धवट राहतं. म्हणून हा धूर जास्त विषारी, आणि त्याच्या वाटेत फिल्टरही नाही.

वास गेला म्हणजे धूर गेला, हेही खरं नाही. निकोटिन पडद्यांत, गादीत, जमिनीवरच्या धुळीत मुरतं. रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. रूम फ्रेशनरने फसतं ते फक्त नाक.

आता "आम्हाला काय झालं?" याला उत्तर देणं खरंच अवघड, कारण विचारणारा समोर धडधाकट उभा असतो. धोका वाढतो म्हणजे प्रत्येकाला गाठतोच असं नव्हे. पण लहानपणी ज्याचा कान सारखा फुटायचा, छाती भरायची, त्याच्या घरात कारण म्हणून धुराकडे कुणी बोट दाखवलं होतं? पाळण्यातलं बाळ झोपेत अचानक दगावणं, न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, दम्याचे झटके, या सगळ्यांचा धोका धुराने वाढतो. आणि धूर कमी केला की फरकही दिसतो. स्कॉटलंडने 2006 मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी केली. दम्यामुळे मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण तोवर वाढत होतं. त्यानंतर ते वर्षाला सुमारे 18 टक्क्यांनी घटत गेलं.

गाडीची काच खाली करणाऱ्यांसाठी एवढंच: इंग्लंडमध्ये 2015 पासून अठरा वर्षांखालचं मूल गाडीत असताना ओढणं गुन्हा आहे, काच उघडी असली तरी.

मग करायचं काय? सोडता येत असेल तर उत्तमच. तोवर घराबाहेर, दारापासून लांब, दार लावून ओढायची. परतल्यावर हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मग मूल उचलायचं. याने मुलापर्यंत पोचणारा धूर कमी होतो, शून्य होत नाही. नियम पाहुण्यांनाही तोच, थोरल्या काकांनासुद्धा. त्यांना राग येईल, येऊ द्यावा.