ओबामा निवडून आले, म्हणून प्रश्न संपले?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निवडणूक आली की एक मजकूर हमखास फिरतो. ओबामा दोनदा निवडून आले, कमला हॅरिस उपाध्यक्ष झाल्या, आपले बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचले. मग अध्यक्षपदाच्या उमेदवारांना वंश आणि प्रतिनिधित्वाबद्दल विचारायचं कशाला? आपण मेहनतीने वर आलो, कृष्णवर्णीयांनीही यावं. महागाईवर बोला.

ओबामांपासूनच सुरू करू. ते व्हाइट हाउसमध्ये असतानाच, २५ जून २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच काढून घेतला. कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्याचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी लागायची. ती अट गळून पडली. मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं करणारा, अडकून पडलेला कायदा आता लागू होणार, असं टेक्ससने त्याच दिवशी जाहीर केलं. मतदानाचे नियम कडक करणारा नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी केलेला कायदा २०१६ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. त्यात कृष्णवर्णीय मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने हेरलंय, हे न्यायालयाचं निरीक्षण.

ठाणेदारांचं उदाहरण तर मजकुरावरच उलटतं. गरिबीतून वर आलेला मराठी माणूस २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून निवडून येतो, याचा मलाही आनंद आहे. पण त्या शहरात चारातले तीन लोक कृष्णवर्णीय. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत त्यांची मतं अनेक उमेदवारांत फुटली आणि १९५५ नंतर प्रथमच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. आपण पेढे वाटले, तेव्हा तिथे काय चर्चा चालली असेल?

मेहनतीबद्दल दुमत नाही. मात्र १९२३ मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. मतदान हक्क कायदाही त्याच सालचा, आणि दोन्हींमागे नागरी हक्क चळवळीचाच रेटा.

विचारून मिळतं काय? फेब्रुवारी २०२० मध्ये साउथ कॅरोलायनात पक्षाच्या इच्छुक उमेदवारांच्या वादचर्चेत बायडन यांनी सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचा शब्द दिला. चार दिवसांनी प्राथमिक फेरीत तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांची गटांगळ्या खाणारी मोहीम तारली. २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन न्यायमूर्ती झाल्या.

राहिली महागाई. तिच्यावर जरूर बोला, पण प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही. वॉशिंग्टन डी.सी.त जवळपास ७ लाख लोक राहतात, ४० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय. केंद्राचा कर भरतात, पण ते राज्य नाही म्हणून संसदेच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, त्यांचा सिनेटर एकही नाही. ६ लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक. तिथल्या राजधानीत, सान हुआनमध्ये, राहून अध्यक्षासाठी मत देता येत नाही, फ्लोरिडात बिऱ्हाड हलवलं की देता येतं. या दोघांना राज्याचा दर्जा देणारं विधेयक टेबलावर आलं, तर सही करणार का? महागाईवर बोलून झालं की उमेदवाराने एवढं हो किंवा नाही सांगावं.