सुई टोचली म्हणजे एचआयव्हीच? एका मेसेजला उत्तर

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. सार असं: दवाखान्यात काम करणाऱ्यांना खरा धोका एचआयव्हीचा, म्हणून भरती होणाऱ्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही टेस्ट सक्तीची करा, निगेटिव्ह आली की बिनधास्त काम करा, सुई टोचलीच तर बोट पिळून रक्त काढा, स्पिरिट लावा. खाली ‘सर्व सिस्टर आणि मावशींपर्यंत पोहोचवा’. पोहोचलाय, म्हणून हे लिहितेय.

आधी तो ‘खरा धोका’. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ३०० त १. हिपॅटायटिस सीची (हिपॅटायटिस म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, बी आणि सी हे त्याचे प्रकार) शंभरात दोनच्या आत. हिपॅटायटिस बीची मात्र, लस घेतली नसेल तर, शंभरात ६ ते ३०. शिवाय बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही! आणि या तिघांपैकी लस आहे ती फक्त बीवरच. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, मग एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीनं रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का याची तपासणी. तो १० किंवा वर आला की बीची काळजी जवळपास मिटली. डोस घेतात बरेच जण, टायटर मात्र राहून जातो.

डॉक्टर-सिस्टरांचं तरी ठीक. ठेकेदाराकडून आलेल्या सफाईच्या मावशीला लसीचं कोण विचारतं? कचऱ्याच्या पिशवीत कुणीतरी टाकलेली सुई टोचते तिलाच. ती सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी होती. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्यांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. कंत्राटी माणूस आहे म्हणून सूट नाही.

आता सक्तीची टेस्ट. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, हे एक. दुसरं, नुकती लागण झालेल्याची टेस्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, आणि एचआयव्ही निगेटिव्ह असलेल्या माणसाला बी किंवा सी असू शकतो. रात्री दोनला कॅज्युअल्टीत रक्तबंबाळ आलेल्याच्या रिपोर्टची वाट बघणार का? प्रत्येकाचं रक्त बाधितच समजून काम करायचं. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ही तर रोजची चूक.

बोट पिळणं, तोंडानं चोखणं, स्पिरिट किंवा ब्लीच लावणं यातलं काहीच करू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. डोळ्यात उडालं तर नुसतं पाणी. मग तडक सिनिअरला सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. बीची लस झाली नसेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), शक्यतो २४ तासांत. सीसाठी असं आधी घ्यायचं काही नाही, पण तपासणीत तो सापडला तर बहुतेकांचा तो १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

ओरडा बसेल म्हणून टोचल्याचं लपवणारे पुष्कळ. निदान त्याच दिवशी स्वतःचं रक्त तपासायला द्या आणि रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसह नोंद करायला लावा. पुढे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर लागण आधी नव्हती, कामावर झाली हे दाखवायला तुमच्या हातात तेवढाच कागद असेल.