फक्त मोजायचं होतं

यादीत सम संख्या किती आहेत, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या एखाद्या भाषेत काउंटर शून्यावर ठेवला असता, अट जुळली की एकाने वाढवला असता आणि वेळेत लॉगआउट केलं असतं. पण मी हॅस्केलवाला, म्हणजे एकदा दिलेली किंमत न बदलणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतला. आमच्याकडे व्हेरिएबल वाढत नाही, मतं वाढतात.

'अट जुळणारे किती' असं थेट सांगणारं फंक्शन हॅस्केलच्या प्रेल्यूडमध्ये, म्हणजे आपोआप हाताशी येणाऱ्या फंक्शनांच्या संचात, नाहीच. स्काला, कोटलिन, एलिक्सरकडे काउंट आहे, कॉमन लिस्पकडे काउंट-इफ. स्विफ्टवाल्यांनी तर ते मंजूर केलं, टाइप-चेकर (कोडमधले प्रकार तपासणारा भाग) दमतो म्हणून काढलं आणि स्विफ्ट 6 मध्ये परत आणलं. आम्ही आपलं फिल्टरने गाळायचं, उरेल त्याची लेंग्थ काढायची आणि दोन्ही जोडायला मध्ये एक टिंब द्यायचं. मी तेच लिहून सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूला टाकलं.

"अरे, मोजण्यासाठी अख्खी नवी यादी बनवतोस?" पहिली कॉमेंट.

हे ओकॅमलमध्ये कुणी विचारलं असतं तर गप्प बसलो असतो, तिथे यादी खरंच बनते. इथे सगळा आळशी कारभार. लेंग्थ मागेल तेव्हा फिल्टर पुढचा घटक देतं, तो मोजला की विसरायचा. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर बऱ्याचदा दोघांना सांधून मधली यादी उडवूनच टाकतो.

मग दुसऱ्याने फोल्डएल सुचवला, यादीतला एकेक घटक घेत एकच उत्तर जमवणारा. तिसरा म्हणाला, साधा नको, शेपटीवाला (नावापुढे ' असलेला, बेरीज लगेच करणारा) घे, नाहीतर 'शून्य अधिक एक अधिक एक' अशी न केलेली बेरीज मेमरीत साचत जाईल. बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला. चौथ्याला प्रत्येक पात्र घटकामागे एक लिहून बेरीज घ्यायची होती. पाचव्याने 'मोनॉइड' (एकमेकांत जोडता येणाऱ्या गोष्टींचं गणिती नाव) म्हटलं, आणि मोनॉइड निघाला की मीटिंग लागते.

दोन घटकांच्या टपलची, म्हणजे ठरावीक घटकांच्या गठ्ठ्याची, लेंग्थ हॅस्केलमध्ये एक येते. पहिला घटक म्हणे डब्याचा भाग, मोजायचा फक्त दुसरा! 2015 पासून हे असंच आहे आणि ते चालवून घेतलं जातं. ही मंडळी मला मोजायला शिकवत होती.

माझी ओळ मंजूर होणार एवढ्यात कुणीतरी विचारलं, "यादी अनंत असली तर?" हॅस्केलमध्ये ती असू शकते, त्यामुळे हसायचीही सोय नाही. फिल्टर निवांत देत राहील, लेंग्थ कधीच परतणार नाही.

"मग टाइपच बदलूया," तो म्हणाला आणि त्याने नवा थ्रेड उघडला.