मुलाला चष्मा लगेच का दिला नाही: दुकानातर्फे उत्तर

नमस्कार ताई,

सुट्टीचा दिवस मोडून आलात आणि रिकाम्या हाताने परत गेलात, राग येणारच. मशीनवर मायनस १.७५ नंबर निघाला, मुलाने निळी फ्रेमही पसंत केली, तरी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब घालून तपासायला पाठवलं, ‘यात कमिशन असणार’ असं तुम्ही लिहिलंय. कमिशनचं आधी सांगतो. आम्ही कोणत्याही डॉक्टरकडून एक रुपया घेत नाही आणि तुम्हाला कुणाचं नावही सुचवलं नव्हतं. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात दाखवलंत तरी चालेल.

आता नंबराचं. मशीनमध्ये जे फुग्याचं चित्र दिसतं, ते पाहताना लहान मुलं डोळ्यावर जोर देतात. आतलं भिंग फुगतं आणि नसलेला किंवा वाढीव मायनस कागदावर छापून येतो. तुमच्या मुलाच्या एकाच डोळ्याचे तीन आकडे तीन तऱ्हेचे आले, १.७५ हा त्यातला सर्वांत मोठा. खरा मायनस असला, म्हणजे डोळ्याचा गोळा लांबट असून चित्र पडद्याच्या अलीकडेच पडत असलं, तर आकडा सहसा इतका हलत नाही.

‘काच लावल्यावर त्याला स्पष्ट दिसलं’ हेही खरंच. पण मायनस जास्त झाला तरी मुलं जोर लावून वाचतात, उलट अक्षरं बारीक नि काळीभोर दिसतात म्हणून ‘मस्त दिसतंय’ म्हणतात. त्रास मागाहून सुरू होतो: अभ्यासाला बसलं की डोकं दुखतं, डोळे चोळले जातात. काही मुलांना तर मुळात प्लस नंबर असतो आणि तो या जोरामागे लपून राहतो. अशा डोळ्यावर मायनसची काच चढवायला मी तयार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

थेंबांनी हा जोर तेवढ्यापुरता सैल पडतो आणि डॉक्टरांना खरा नंबर मिळतो. सिलिंडर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर, असेल तर तोही नीट कळतो.

थेंबांनंतर बाहुली मोठी राहते, ऊन सोसत नाही, जवळचं धूसर दिसतं, कधी दुसऱ्या दिवशीही. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, टोपी सोबत न्या. निळी फ्रेम बाजूला काढून ठेवली आहे. डॉक्टरांनी नंबर दिला तर कागद घेऊन या, नाही निघाला तर फक्त फोन करून कळवा.